वर बघू नका, भेग आहे!

अहो, वर बघू नका म्हटलं ना! या, बसा, पाणी घ्या, भिंतीवरचं कॅलेंडर बघा, माझं तोंड बघा, पण वर... बघितलंत? झालं! दिसली ना भेग? तुम्हाला सांगतो, या भेगेनं माझी पार वाट लावलीय!

हॉलला नवीन सीलिंग केलं, बोर्डाचं. कारागीर बिचारा जाताना सांगून गेला, "साहेब, एवढा एक सांधा राहिलाय, सोमवारी येऊन भरतो. आधी जाळीची पट्टी, मग पुट्टीचा एक हात, तो दिवसभर वाळू द्यायचा, मग दुसरा, तोही वाळू द्यायचा, मग तिसरा. घाई केली की भेग आलीच!" आता वीतभर रुंद हॉल, त्यातला एक सांधा, त्याला तीन दिवस? आणि रविवारी येणार सासरे! आमचे सासरे म्हणजे जन्मभर इमारती तपासलेला माणूस, कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी छत बघतात. मला बघायला आले तेव्हासुद्धा आधी छत बघितलं, मग मला! आणि त्यांना मी फोनवर काय बोलून बसलो? "कारागीर कशाला? सांधा मीच भरतो. भेग आली तर नाव बदलीन!" कुणी सांगितलं होतं बोलायला? कुणीच नाही!

चढलो शिडीवर. जाळीची पट्टी सापडेना, म्हणून औषधांच्या डब्यातलं चिकट बँडेज लावलं... हसताय काय? तेही चिकटतंच की! तिन्ही हात एका दुपारी मारले आणि वर बायकोचा केस वाळवायचा ड्रायर धरला. खालून बायको, "अहो, जळका वास येतोय!" म्हटलं, "तू वर बघू नकोस!" शनिवारी संध्याकाळी चहा पितोय आणि... कट्! भेग! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मधोमध बँडेजचं टोक लोंबतंय!

रविवारी घरात हुकूमच काढला, कुणीही वर बघायचं नाही. बेल वाजली. दार उघडतो तर काय, सासऱ्यांच्या मानेला हा एवढा पट्टा! मान लचकलेली, वर करताच येईना हो! आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई म्हणाल्या, "बघा, जावई किती हळवा आहे!" तोवर सासरे कण्हत कण्हत म्हणतात, "जावईबापू, डॉक्टरांनी उताणं पडून राहायला सांगितलंय. कडक जमिनीवर." आता माणूस आडवा मावेल एवढी जमीन आमच्याकडे कुठं? हॉलमध्ये!

सतरंजी टाकली, सासरे उताणे पडले. मग खालून आवाज, "जावईबापू, वर कुणाला लागलंय हो?"

म्हटलं, बाबा, उद्याच कारागिराला बोलावून भरून घेतो! तर म्हणतात, "खबरदार! भेग लगेच भरायची नसते. टोकांना पेन्सिलीनं खुणा करा, तारीख घाला. हलतेय का ते बघायचं. एक उन्हाळा, एक हिवाळा. मी आहे ना बघायला!"

मान कधीच बरी झालीय हो. पट्टासुद्धा सुटला. पण हिवाळा अजून यायचाय... तेव्हा तुम्ही आता खुशाल वर बघा, हवं तेवढं बघा. फक्त जाताना खाली बघून चाला. सासरे आहेत.