दहावा नंबर

न्हाई मावशी, हात नका लावू – केबल हालली तर पुन्हा पयल्यापासून करावं लागल. बसा त्या स्टुलावर. चालूच हाय. तुमच्या भागवतचा फोन चार आकड्यांच्या कुलपात हाय अन हे मशीन एकेक नंबर लावून बघून राहिलं, दुसरं काय न्हाई. तीन महिने झाले ना त्याला जाऊन? आवाज ऐकायचाय लेकाचा, समजतंय मला. तुमच्या मुदखेडच्या दुकानात जमणार न्हाई म्हणले? त्यांचंबी खोटं न्हाई. नव्या फोनला जमतच न्हाई. ह्याला जमतंय, कारण भागवतनं हा कधी अपडेटच केला न्हाई. आळशी होता? हाव, मग त्या आळसाला हात जोडा.

कसं जमतं? बगा, फोन चालू केला की सगळ्यात आधी आत एक दरवान जागा होतो. बूटलोडर म्हणतात त्याला. कोण आत चाललं, किती सामान घेऊन चाललं, ते तपासल्याबिगर सोडत न्हाई. पण त्याचं मोजमाप आपल्या जुन्या लुनाच्या मीटरसारखं – नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झालं की पुढं काय? समदे शून्य. गाडी लाख किलोमीटर पळालेली, अन मीटर म्हणतो कोरी हाय. तसंच इथं – सामान एवढं मोठं सांगायचं की त्याचं मोजमाप फिरून शून्यावर येतं, अन तो म्हणतो, ह्याच्याकडं तर काहीच न्हाई, जाऊ द्या. एकदा आत शिरलं की कितीबी नंबर चुकू द्या, फोन काही बोलत न्हाई. चोराला सापडलं तर वाईटच की! म्हणून तर कंपनीनं नवा दरवान पाठवला. अपडेट म्हणजे तेच. अन एकदा नवा बसला की जुना परत आणता येत न्हाई, कुणाच्या बापाला न्हाई.

तो? ड्रावरमधला फोन? तो एका गिऱ्हाइकाचा हाय. राहू द्या. त्याचं न्हाई होणार. त्याला मीच अपडेट केलं, दरवान असा फसतो ही बातमी आली त्याच रविवारी. मला नादच तसा – अख्ख्या नांदेडात असा खुळा मीच एक, फोन बिना अपडेटचा परत द्यायचा न्हाई. तर घरचा पयला केला. घरचा म्हणजे – हाव मावशी, घरचाच. धम्मप्रियाचा. माझ्या बायकोचा. लातूरला नोकरी तिची – सोमवारी पहिल्या बसनं जायची, शनिवारी यायची. अन बसमधी बसली की फोनमधी बोलत राहायची, रेकॉर्ड करून. मी म्हणलं हे काय खूळ? तर म्हणली, तुम्ही तर मान वर करत न्हाईत, म्हणून फोनला सांगते, सवड झाली की ऐका. मी हसलो. तीन वरीस बोलली ती. मी एकबी ऐकलं न्हाई. हायच की घरात, ऐकू कवातरी, आं?

त्या रविवारी म्हणली, अहो, जरा ऐकता का, एक सांगायचंय. मी म्हणलं, आधी फोन दे, अपडेट टाकतो. म्हणली, टाका, मग सांगते. मग गिऱ्हाईक आलं. मग दुसरं आलं. सोमवारी ती गेली. बुधवारी तिकडं हापिसातच पडली, डोक्यातली नस फुटली म्हणले. मी निघालो, वाटेत लोहा गावापर्यंत पोचलो, तवर फोन आला की आता घाई करू नका.

नंबर? मला कसा ठाऊक असंल? ती वरची पाटी बगा – वाचता येत न्हाई? मी वाचतो. ‘पासवर्ड कुणालाच सांगू नका, नवऱ्यालाबी न्हाई.’ मीच लिवली. लोक हसायचे. तिनं पाळली. अन दहा वेळा चुकलं की समदं पुसलं जातं, ती सेटिंगबी मीच लावून दिली, लई हुशार ना मी! नऊ झाले. लग्नाची तारीख, तिचा वाढदिवस, माझा, चौदा एप्रिल, चौदा ऑक्टोबर, तिचे वडील वारले तो दिस, दुकानाचं उद्घाटन... न्हाई. एक राहिला. आठ महिने झाले, लावला न्हाई. काय सांगायचं होतं तिला ते त्यातच हाय. सोमवारी बसमधी बोललीच असंल की ती.

थांबा – लागला! लागला मावशी, उघडला. शून्य, नऊ, एक, दोन. नऊ डिसेंबर. त्याचा वाढदिवस का? न्हाई? मग लग्न... तेबी न्हाई? काय म्हणता? आपरेशननंतर तुमच्या डोळ्याची पट्टी सोडली तो दिस? अन तुम्ही पयलं त्याचंच तोंड बघितलं.

रडा, रडा. लेकानं तुमचा दिस ध्यानात ठेवला हो. मला तिचा असला एकबी दिस ठाऊक न्हाई, मावशी. कवा हरखली, कवा रडली... अठरा वरीस एका घरात राहिलो. एक नंबर हातात हाय अन लावायला दिस न्हाई.

घ्या हा. न्हाई, इथं नका लावू – त्याचा आवाज इथं नका लावू, हात जोडतो. मुदखेडची गाडी लागली असंल. जावा तुम्ही. अन जाताना ते दार तेवढं ओढून घ्या.