लेथचा पट्टा

सकाळी साडेदहाला दवाखान्याच्या बाकावर कपाळाला रुमाल दाबून धरलेली एक बाई टाके घालून घ्यायला बसली होती. सोबत तिचा दीर होता. शेजारच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र उघडलं होतं, पण पान काही उलटत नव्हतं.

“वहिनी, दादा गेला, त्याच्याबरोबर लेथवर लाकूड कातायचं कामही गेलं. म्हशीएवढं धूड आहे ते यंत्र! संध्याकाळी गिऱ्हाईक टेम्पो घेऊन येतंय, देऊन टाका.”

“नाही म्हणून कळवा त्याला. लेथ मी चालवणार.”

“लाकूड कपाळात बसलं तरी हौस फिटली नाही?”

“चौकोनी ठोकळा होता. आधी हळू फिरवून कोपरे उतरवायचे असतात. मी भरधाव फिरवला, म्हणून उडाला.”

“कळत होतं, तर भरधाव कशाला?”

“पट्टा लहान चाकावर होता. त्यावर लाकूड भरधावच फिरतं.”

“मग मोठ्या चाकावर घ्यायचा! हाताला काय मेंदी लावली होती?”

“यांनी शेवटचा तिथे चढवला होता, भावजी.”

गृहस्थांनी वर्तमानपत्र थोडं खाली घेतलं.

“…आणि आता?” दिराने विचारलं.

“आता घरी गेले की मोठ्या चाकावर घेणार. पट्टा सरकवायला तेवढी मोटर सैल करून द्या, तिचा नट गंजलाय. बाकीचं माझं मी बघते.”

परिचारिकेने हाक मारली. बाई उठून आत गेली. दिराने फोन लावला.

“हॅलो, टेम्पोवाले ना? जरा थांबा हं.” मग फोन कानापासून दूर धरून त्याने आतल्या दाराकडे तोंड केलं. “वहिनी, त्या नटाला पाना कितीचा लागेल?”

फोनमधून “हॅलो, हॅलो” चालूच होतं.