कोणी पाहिलं नव्हतं, तरी

सन्माननीय अध्यक्ष शशिकांतराव, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती लिन यू-चेन, हॅरोहून मुद्दाम आलेली मंडळी आणि पुढे बसलेल्या मुलांनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नाही. तरी माइक मागून घेतला, कारण यू-चेनची ओळख करून देताना अध्यक्ष आत्ता म्हणाले, "फार भोळी मुलगी. कोणी पाहिलं नव्हतं, तरी बोलली आणि वर्ष घालवून बसली." तुम्ही हसलात. मला राग आला आहे आणि तो घेऊन मी घरी जाणार नाही.

यू-चेन तैवानमधून इकडे इंग्लंडला आली ती महिलांच्या गोल्फ टूरवर खेळायला. मेडनहेडला आमच्याच घरी, मागच्या खोलीत राहिली. टूरवर खेळायचं तर कार्ड लागतं, आणि ते पात्रता स्पर्धेत मिळवावं लागतं. त्या स्पर्धेच्या शेवटच्या होलवर तिचा बॉल उंच गवतात गेला. तिने बॉलमागे गोल्फची काठी टेकवली आणि बॉल जरासा हलला. नियमाने एका फटक्याचा दंड. पंच लांब होते, सोबतची खेळाडू पाठमोरी. यू-चेनने हात वर करून पंचांना बोलावलं. त्या एका फटक्याने कार्ड गेलं.

रात्री तिला वरणभात वाढताना मी विचारलं, "अगं, पण नक्की हलला का?"

"काकू, मी तिथेच होते ना," ती म्हणाली आणि जेवली.

याला भोळेपणा म्हणायचं? पुढचं वर्षभर ती लहानसहान स्पर्धांसाठी एकटी गाडी चालवत हिंडली. कार्ड मिळवलं. मग वेल्समध्ये टूरची स्पर्धा जिंकली. अध्यक्षांनी ते अर्ध्या वाक्यात उरकलं. आता मनगट साथ देत नाही म्हणून ती खेळ थांबवून मायदेशी निघाली आहे. आणि एवढ्या सगळ्यात दर रविवारी आपल्या मंडळाच्या मुलांना गोल्फ कोण शिकवत होतं? आपण मात्र बटाटेवड्यांच्या वेळेला बरोबर पोचायचो.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. दाखवू देत.

गेल्या महिन्यात हॅरो मंडळाशी सामना झाला. अजयची मुलगी तनू शेवटच्या होलवर हॅरोच्या मिहीरना म्हणाली, "काका, माझा बॉल हलली. आय सॉ इट." एका फटक्याने आपण हरलो. ते मिहीर आत्ता समोर बसून मान डोलवताहेत. तिने सांगेपर्यंत त्यांना पत्ताही नव्हता. शशिकांतराव, तुम्ही कार पार्कमध्ये सगळ्यांदेखत तिला म्हणालात, "गप्प बसायला काय झालं होतं तुला?" पुढच्या सामन्याच्या संघातून तिला वगळलंत. तेव्हापासून तनू सरावाच्या रेंजवर फिरकलेली नाही. आजही आईने ओढून आणली म्हणून आली आहे.

शिकवणारीला शाल घालायची आणि शिकलेल्या मुलीला घरी बसवायचं, हा सत्कार कोणाचा?

स्वयंपाकघरात राबलेल्या सगळ्यांचे आभार. ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. माझ्या बोलण्यात कुठे चुकलं असेल तर तो फटका खुशाल माझ्या नावावर लावा.

थांबा, एक राहिलं. शाल आणि श्रीफळ मंडळातर्फे यू-चेनला दिलं. वेल्समध्ये तिने ज्या पटरने शेवटचा बॉल होलमध्ये घातला, तो तिने आत्ता व्यासपीठावरून उतरून, सगळ्यांसमोर, तनूच्या हातात दिला. संघातली जागा द्यायची राहिली आहे, ती शशिकांतरावांकडे आहे. तनू, खाली बसू नकोस.