चेअरमनची भूमिती

भूमिती जगात सगळीकडं सारखीच असते, असं मलाबी वाटायचं. मी आयटीआयमधून नवाच ड्राफ्ट्समन होऊन आलतो. दुष्काळ होता. धारूरकडच्या आमच्या पाणी सोसायटीला विहिरीपासून भीमनगरात बांधायच्या नव्या टाकीपर्यंत पाइपलाइन टाकायची होती. मी दोन बिंदू घेतले, पट्टी ठेवली आणि रेघ ओढली.

सोसायटीच्या सभेत चेअरमनसायबांनी नकाशा उलटा धरून बराच वेळ अभ्यास केला.

"ही रेघ माझ्या मळ्यावरून का जात न्हाई रे?"

"सायेब, दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर म्हंजे सरळ रेषा."

"ते आयटीआयात. हितं सोसायटी हाय."

भीमनगरातल्या कौसाबाई सभासद होत्या. रोज डोंगर उतरून पाणी आणायच्या. त्या उठल्या. "रेघ वाकली तर आमी एकबी बाई ठरावावर सही करणार न्हाई."

चेअरमन लई समजूतदार. "बरं, सरळच ठेवू," म्हणाले. माझी पेन्सिल घेतली, भीमनगरातला टाकीचा बिंदू खोडला आणि आपल्या मळ्यात मांडला. "ओढ आता तुझी सरळ रेघ!"

त्या नकाशावर सह्या काही झाल्या न्हाईत. शेवटी पहिल्याच नकाशापरमानं टाकी भीमनगरातच बांधली. पुढच्या निवडणुकीत बायांनी चेअरमनच हलवला.