पप्पांच्या पाठीमागून विचारलेला प्रश्न

ऐका रे, सुरतेला लिंबायतमध्ये आमच्या गल्लीत ती सर्व्हेवाली बेन आली होती ना, तिचा सर्व्हे मीच वाचवला. खोटं नाही सांगत!

कापडाच्या लूमवर, त्या खडखडाटात काम करणाऱ्यांना ती विचारायची, "ऐकू येण्याचा त्रास आहे का? अजिबात नाही, थोडा, का खूप?" अख्खी गल्ली म्हणे, "अजिबात नाही." बाहेरच्या बाईसमोर कोण दुखणं सांगतो? बेन रडकुंडीला आली. "सगळ्यांची उत्तरं सारखीच. चांगलं कोणाला ऐकू येतं, कोणाला नाही, कळतच नाही. आमचे ऑफिसातले सर म्हणतात, असला प्रश्न फेकून दे."

मग आमच्या पप्पांची पाळी आली. पप्पा छाती फुगवून म्हणाले, "माले काहीच तरास नही, बेन!"

मी गुपचूप त्यांच्या मागे गेलो आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "पप्पा, तुमची गाडी मी गटारात घातली."

पप्पा बेनकडे बघून हसतच राहिले.

आई म्हणाली, "मी तर रोज बोंबलते, आता तुम्हीच बघा."

मग काय, बेननं प्रश्नच बदलला. 'मागून हाक मारली तर वळतात का?' तेही घरच्यांना विचारायचं. आता उत्तरं वेगवेगळी यायला लागली. सर खूश! पप्पांचे कान तपासले, ऐकायचं मशीन बसलं.

मशीन लावल्या लावल्या मी मागून हळूच बोललो, "पप्पा, गाडी गटारात घातली."

पप्पा गर्रकन वळले, हातात चप्पल!

मी पळता पळता ओरडलो, "आई, ऐकू आलं! पप्पा पास!"