मागची खुर्ची

(राळेगाव तालुक्यातला एक फाटा. इथून पायवाट कोलामांच्या वस्तीकडे, पोडाकडे जाते. जिनिव्हाहून, संयुक्त राष्ट्रांच्या सभेहून परतलेले दोघे, पोडावरचा श्रावण आणि त्याला तिथे घेऊन गेलेली स्पृहा, नुकतेच एसटीतून उतरले आहेत.)

स्पृहा : उठा ना, श्रावणदादा. एसटी गेली, तिची धूळही बसली. पोडावर सगळे वाट बघत असतील.

श्रावण : म्हनूनच तं बसलो.

स्पृहा : असं किती वेळ बसणार?

श्रावण : तू जाय यवतमाळले. तुयं काम झालं. मले नेलं, परत आनलं.

स्पृहा : झालं कुठे? निधीवाल्यांना कळवायचंय अजून. आदिवासींनी तिथे जाऊन स्वतःच्या तोंडानं बोलावं, यासाठीच तर आहे तो निधी.

श्रावण : मंग काय कळवशीन?

स्पृहा : की कोलामांचा प्रतिनिधी सभेला हजर होता. आणि बोलला.

श्रावण : बोलला?

स्पृहा : सुरुवात तर केलीत ना.

श्रावण : "मी श्रावन आत्राम. यवतमाळच्या कोलामाईच्या पोडातून आलो." येवढंच. मंग थांबलो.

स्पृहा : पण का थांबलात? इतका सराव केला होता आपण चावडीवर.

श्रावण : सरावाले अख्खं पोड होतं. मी एक गोष्ट म्हनली का लोकं 'हो' म्हनत. तवा दुसरी. आमच्या पोडाची रीतच हाय ते. समोरचा 'हो' नाही म्हनला अन् आपन पुढं गेलो, तं त्याले बोलनं नाही म्हनत. बडबड म्हनतात.

स्पृहा : मी सांगितलं होतं तुम्हाला, तिथे कुणी 'हो' म्हणत नाही.

श्रावण : सांगतलं होतं. मले वाटलं, मोठ्यानं नसतीन म्हनत. मान तं हालवतीन. एकानं तरी. सारे कानात ते बोंडं घालून खाली पाहून राह्यलते.

स्पृहा : ते दुभाषीचं ऐकत होते. माझ्या इंग्रजी मजकुरावरून ती वाचत होती. तुम्ही थांबलात, तर तीही थांबली. कुणाला तरी वाटलं, यंत्रच बिघडलं.

श्रावण : मंग लाल दिवा लागला.

स्पृहा : प्रत्येकाला तीनच मिनिटं असतात.

श्रावण : अन् सभा चालवनाऱ्या बाईनं हासून धन्यवाद म्हटलं. लय चांगले लोकं. विमानात बसोलं, कोट देल्ला, नावाची पाटी देल्ली. पन मले सांग, बोलनाऱ्याले न्याचा खर्च देते थो निधी. ऐकनाऱ्याईलेबी देते का काही?

स्पृहा : थट्टा नका करू.

श्रावण : थट्टा कोन करून राह्यलं?

स्पृहा : हे बघा, पूर्ण निवेदन मी लेखी दिलंय. उकंडाचं नाव, फवारणीच्या औषधातलं रसायन, वाऱ्याची दिशा, कपाशीची उंची, सगळं आहे त्यात. नोंद झाली. चावडीवर तेवढंच सांगा.

श्रावण : उकंडाची नोंद तं पयलेच झाली. दवाखान्यात. दारू पिऊन मेला म्हून.

स्पृहा : ती खोटी आहे म्हणूनच गेलो ना आपण.

श्रावण : माया बाजूच्या ओळीत होता थो. पाठीवर पंप, कपाशी डोक्याच्यावर, अन् हवा उलटी. सारं तोंडावर आलं. जन्मात दारूले शिवला नाही. काकीनं मले धाडतानी एकच सांगतलं होतं, मायं पोरगं दारूनं नाही मेलं, येवढं त्या मोठ्या लोकाईसमोर म्हन... थांब. तेच येऊन राह्यली.

लालीबाई : कोन होय? श्रावन? एसटीचा आवाज आला तवाची पाहून राह्यलो. म्हटलं, उतरला का नाही.

श्रावण : बसलो होतो, काकी. थकलो.

लालीबाई : सुकला रे. भाकर देत नाही काय तिकडं?

श्रावण : पाव देतात. थंडा.

लालीबाई : अन् बाईबी आली. चांगलं केलं. हं, सांग. म्हटलं?

स्पृहा : मावशी, आम्ही सगळं लिहून दिलंय. उकंडाचं नाव पहिल्याच पानावर...

लालीबाई : तुले नाही इचारलं, बाई. श्रावन, म्हटलं?

श्रावण : नाही.

लालीबाई : नाही?

श्रावण : पयली गोष्ट म्हनली अन् थांबलो. कोनी 'हो' म्हटलं नाही. थांबूनच राह्यलो. येळ सरला.

लालीबाई : येवढ्या लोकाईत एकबी नाही?

श्रावण : त्याईले आपली रीत कुठं माहीत, काकी.

लालीबाई : या बाईले तं माहीत हाय.

श्रावण : जाऊ दे.

लालीबाई : सरावाले हे माया बाजूले बसे. साऱ्याईच्या पयले हेच 'हो' म्हने. पोट्टे हासत हिले. तिथं हा थांबला तवा तू कुठं होती वं, बाई?

स्पृहा : त्यांच्या मागच्या खुर्चीवर.

लालीबाई : हात पुरत होता?

स्पृहा : पुरत होता.

लालीबाई : मंग?

स्पृहा : मागच्या माणसानं मधे बोलायचं नसतं तिथे. नियम आहे. मला वाटलं, बोलतील ते. आत्ता बोलतील. मी दिव्याकडे बघत होते.

लालीबाई : अस्सं.

श्रावण : पोरगी हाय, काकी. भेली असन.

लालीबाई : मी कुठं रागावून राह्यलो? तू म्हन आता. राह्यलं ते म्हन.

श्रावण : इथं? रस्त्यावर?

लालीबाई : तसंच तोंडात घेऊन पोडात येशीन काय? म्हन.

श्रावण : मी श्रावन आत्राम. यवतमाळच्या कोलामाईच्या पोडातून आलो.

लालीबाई : हो.

श्रावण : आमी दुसऱ्याईच्या कपाशीत फवारनीले जातो.

लालीबाई : हो.

श्रावण : लालीबाईचा उकंडा मांगच्या दिवाळीच्या आंधी गेला. थो दारूनं नाही मेला. फवारनीनं मेला.

स्पृहा : हो.

लालीबाई : आता कायले, बाई? इथं तं आमाले माहीतच हाय.