कपाटामागची वहिनी

जुन्या घराची भिंत दोन हात जाड असते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आम्हाला आमच्या गवंड्यानं सांगितलं होतं.

अर्जुनी मोरगावचं आमचं पणजोबांचं घर वाटणीत अर्धं झालं. पलीकडे चुलतभाऊ राहायचा, आणि आठ वर्षं दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. मी निजायची खोली नवी करायला काढली. नवा रंग झाला, मग बायकोला भिंतीतलं कपाट आणखी खोल करून हवं होतं.

"मांगे मातीच माती आहे," गवंडी छातीठोकपणे म्हणाला आणि तिसऱ्याच घावाला त्याची सब्बल आरपार गेली. भोकापलीकडे चुलतवहिनी तांदूळ निवडत बसली होती. तिनं सुपातली माती झटकली आणि शांतपणे विचारलं, "काऊन भाऊजी, वाटणीत कमी पडलं काय?"

बायको पुढे झाली. "नाही वो ताई, साड्या ठेवाले जागा करून राहिलो."

वहिनीनं वाकून आमची खोली नीट पाहून घेतली. "हा पोपटी रंग कोणं निवडला?"

"यायनंच," बायकोनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"तरीच."

गवंडी भोक बुजवायला आला, तर दोघींनी त्याला परत पाठवलं. आता त्या भोकातून रोज गप्पा चालतात. विषय एकच असतो, मी.